रंगाचा मेल्टिंग पॉइंट लॅबमध्ये कसा तपासतात? संपूर्ण माहिती सोप्या मराठीत

मोबाईलच्या कव्हरवर स्वतःचा फोटो छापून घेतलाय कधी? दुकानदार आधी खास कागदावर फोटोची प्रिंट काढतो, तो कागद कव्हरवर चिकटवतो आणि हीट प्रेसमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. थोड्याच वेळात कागदावरच्या रंगाची वाफ होते आणि ती कव्हरच्या कोटिंगमध्ये शिरते. आता विचार करा, तोच रंग त्या तापमानाला जळून काळा पडला असता तर? किंवा उन्हात ठेवलेल्या गाडीतच त्याची वाफ व्हायला लागली असती तर? म्हणूनच कुठला रंग किती तापमानाला कसा वागतो, हे तो बनवणाऱ्याला आधीच माहीत असावं लागतं.

त्यासाठी लॅबमध्ये ज्या तपासण्या होतात, त्यातली सगळ्यात जुनी आणि स्वस्त तपासणी म्हणजे मेल्टिंग पॉइंट. आज आपण ती पूर्ण समजून घेणार आहोत. मी बीएस्सीला केमिस्ट्री घेतली होती आणि ही तपासणी हाताने केली आहे. पहिल्या वेळी ती चांगलीच फसली होती, तेही सांगतो, कारण मेल्टिंग पॉइंट म्हणजे काय हे मला खरं तर त्या फजितीतूनच कळलं.

(या लेखात जिथे जिथे 'अंश' म्हटलंय तिथे अंश सेल्सिअस समजा.)

मेल्टिंग पॉइंट म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या पुस्तकात आपण याला द्रवणांक म्हणायचो. घन पदार्थ ज्या तापमानाला द्रव होतो, ते तापमान. बर्फाचं शून्य अंश, हे सगळ्यांना पाठ असतं.

शुद्ध पदार्थाचा द्रवणांक ठरलेला असतो. पुण्यात बनवा, नाहीतर जर्मनीत बनवा, पदार्थ तोच आणि शुद्ध असेल तर आकडा तोच येतो. आपल्या फोनचा आयएमईआय नंबर असतो ना, तशी ही त्या पदार्थाची ओळख. फरक इतकाच, की दोन वेगळ्या पदार्थांचा आकडा योगायोगाने एकच असू शकतो. त्यावरही उपाय आहे, तो पुढे येईल.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. लॅबमध्ये मेल्टिंग पॉइंट एका आकड्यात लिहीत नाहीत, रेंजमध्ये लिहितात. पहिला थेंब दिसला ते तापमान आणि शेवटचा कण विरघळला ते तापमान. शुद्ध पदार्थाची रेंज साधारण एक-दोन अंशांची असते.

आपण कोणता रंग घेणार आहोत?

उदाहरणासाठी 'सुदान-१' हा रंग घेऊ. हा नारिंगी-लाल रंगाचा ॲझो डाय आहे. ॲझो म्हणजे ज्याच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू एकमेकांना दुहेरी बंधाने जोडलेले असतात. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि चरबीत विरघळतो. म्हणून मेण, तेल, पॉलिश अशा वस्तूंना रंग द्यायला तो वापरतात. त्याचा मेल्टिंग पॉइंट १३१ ते १३३ अंश.

कॉलेजच्या लॅबमध्ये तो असा बनतो: ॲनिलीन, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम नायट्राइट यांच्यापासून बर्फात ठेवून डायझोनियम सॉल्ट तयार करतात. मग ते बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कली द्रावणात ओततात. ओतल्याबरोबर लालभडक रंग तयार होतो. तापमान शून्य ते पाच अंशांतच ठेवावं लागतं. ते वाढलं की डायझोनियम सॉल्ट मोडतं, नायट्रोजनचे बुडबुडे निघतात आणि फिनॉलसारख्या नको त्या गोष्टी रंगात मिसळतात.

महत्त्वाची सूचना: हा प्रयोग घरी करायचा नाही. ॲनिलीन विषारी आहे, ते कातडीतूनही शरीरात जातं. डायझोनियम सॉल्ट कोरडं झालं तर त्याचा स्फोट होऊ शकतो.

भेसळ असली की पदार्थ लवकर का वितळतो?

या तपासणीचा सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा आहे. लहानपणी उन्हाळ्यात पॉटमध्ये आईस्क्रीम केलं असेल तर आठवा. बर्फात जाडं मीठ टाकायचं आणि हँडल फिरवायचं. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो आणि भोवतालचं मिश्रण इतकं थंड होतं, की मधलं दूध गोठतं. बर्फ आणि मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं.

हे का होतं? घन पदार्थ वितळत असताना काही रेणू स्फटिकातून सुटून द्रवात येतात आणि काही द्रवातून परत स्फटिकात जातात. मेल्टिंग पॉइंटला हे येणं-जाणं सारखं असतं. द्रवात परके रेणू मिसळले की परत जाणाऱ्यांची संख्या कमी होते. त्यामुळे कमी तापमानालाच स्फटिक हरतो आणि वितळतो.

रेंज पसरते तीही याचमुळे. सुरुवातीला जो थोडासा द्रव तयार होतो त्यात भेसळीचं प्रमाण जास्त असतं. पुढे जसजसा आणखी पदार्थ वितळतो तसतसा द्रव शुद्ध होत जातो आणि उरलेले स्फटिक वितळायला जास्त तापमान लागतं.

थोडक्यात नियम असा:

- रेंज छोटी आणि आकडा पुस्तकातल्यासारखा: पदार्थ बहुतेक शुद्ध आहे.
- आकडा कमी आणि रेंज मोठी: पदार्थ अशुद्ध आहे किंवा ओला आहे.
- रेंज छोटी पण आकडा भलताच: थर्मामीटर तपासा. तो बरोबर असेल तर पदार्थच वेगळा असण्याची शक्यता आहे.

तपासणीची पद्धत, स्टेप बाय स्टेप

१. नमुना कोरडा करा. ही पायरी सगळे घाईत उरकतात आणि इथेच फसतात. स्फटिकांत अडकलेलं पाणी किंवा सॉल्व्हंट हीसुद्धा अशुद्धीच.

२. बारीक पूड करा. स्फटिक मोठे असतील तर मध्ये हवा राहते आणि उष्णता सारखी पोचत नाही.

३. कॅपिलरी भरा. ही साधारण एक मिलिमीटर आतला व्यास असलेली काचेची बारीक नळी. तिचं एक टोक बर्नरच्या ज्योतीत फिरवून बंद करतात. उघडं टोक पुडीत दाबायचं, मग नळी उलटी करून एका लांब काचेच्या नळीतून टेबलावर सोडायची. आपटून पूड तळाशी घट्ट बसते. आत दोन-तीन मिलिमीटर उंचीच थर हवा, जास्त नको.

४. कॅपिलरी थर्मामीटरला बांधा. नमुना थर्मामीटरच्या बल्बच्या अगदी शेजारी आला पाहिजे. रबरी रिंग वापरली तर ती तेलाच्या पातळीच्या वर ठेवा.

५. थिले ट्यूबमध्ये सोडा. जर्मन केमिस्ट योहानेस थिले यांच्या नावाने ओळखली जाणारी ही नळी असते आणि तिला एका बाजूला काचेचा हात जोडलेला असतो. आत लिक्विड पॅराफिन भरतात. आच त्या बाजूच्या हाताला द्यायची. गरम तेल वर चढतं, गार तेल खाली येतं आणि ढवळल्याशिवाय तेल आपोआप फिरत राहतं. तेलात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, तापलं की ते उडतं.

६. आधी जलद, मग हळू. अपेक्षित आकड्याच्या वीसेक अंश अलीकडेपर्यंत थोडं जलद तापवलं तरी चालतं. त्यानंतर मिनिटाला एक ते दोन अंश, त्यापेक्षा जास्त नाही.

७. दोन तापमानं लिहा. पूड आक्रसली, भिंतीपासून सुटली, म्हणजे वितळली असं नाही. द्रवाचा पहिला खरा थेंब दिसला की पहिला आकडा लिहायचा. शेवटचा कण गेला की दुसरा.

रंगाच्या बाबतीत सातवी पायरी अवघड जाते. पांढरा पदार्थ वितळला की पारदर्शक होतो, लगेच कळतं. सुदान-१ वितळला तरी गडद लालच दिसतो. त्यामुळे रंगावर नाही, आकारावर नजर ठेवायची. पुडीचा वरचा खडबडीत काठ गोल होऊन पाण्यासारखा वाकलेला दिसला, की ती वितळली. मागून उजेड आणि हातात भिंग असलं तर सोपं जातं.

माझं १३१ कसं चुकलं?

आमच्या प्रॅक्टिकलला फळ्यावर लिहिलेलं होतं: सुदान-१, स्टँडर्ड १३१. माझा रंग छान लाल दिसत होता, पण ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमधून रिक्रिस्टलाइज केल्यावर तो नीट वाळवला नव्हता. वास येत होता, तरी मी दुर्लक्ष केलं. शेवटचा अर्धा तास उरला होता. बर्नर मोठा केला. १२५ ला वितळायला सुरुवात झाली, १३३ ला संपलं.

मी मनात म्हटलं, १३१ तर मध्येच येतंय की! आणि जर्नलमध्ये सरळ '१३१' लिहून मोकळा झालो.

मॅडमनी जर्नल बघितलं आणि एवढंच विचारलं, "रेंज कुठंय?"

मी गप्प. शेवटी खरं काय ते सांगितलं. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, १३१ तर फळ्यावर लिहिलंच आहे. ते मला ठाऊक आहे. तुझ्या नळीत काय आहे ते तुलाच ठाऊक, आणि तेच तू लिहिलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या मामांनी मला थिले ट्यूब काढून दिली. त्याच नमुन्याची नवीन कॅपिलरी भरली, या वेळी मिनिटाला एक अंश. उत्तर आलं १२४ ते १२९. म्हणजे वरचा १३३ आकडा माझ्या घाईचा होता. मोठ्या आचेवर तेल पुढे पळतं, कॅपिलरीतला नमुना मागे राहतो आणि आपण थर्मामीटरवर खऱ्यापेक्षा जास्त तापमान वाचतो. आकडा १३१ च्या आसपास आला तो दोन चुका एकमेकींना झाकत होत्या म्हणून! ओलेपणाने खाली ओढलं, घाईने वर ढकललं.

मग तो रंग पुन्हा रिक्रिस्टलाइज केला, पूर्ण वाळवला आणि परत तपासला. १३०.५ ते १३२. दोन वेळा केलं, दोन्ही वेळा तसंच. जर्नलमध्ये तिन्ही रेंज लिहिल्या, चुकलेल्यासुद्धा.

आज एखाद्या ॲपवर मोबाईलचा बेंचमार्क स्कोअर बघतो तेव्हा मला हेच आठवतं. मोजणी कशी केली ते माहीत नसेल तर बरोबर दिसणारा आकडासुद्धा बरोबर नसतो.

तोच पदार्थ आहे हे पक्कं कसं करतात?

बीटा-नॅफ्थॉल साधारण १२२ अंशांना वितळतं. बेंझोइक ॲसिडही १२२ लाच. दोन्ही पांढरट पूड. मग ओळखायचं कसं?

यासाठी आहे मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट. आपल्या नमुन्यात खात्रीचा शुद्ध पदार्थ मिसळायचा आणि मिश्रण वितळवून बघायचं. दोन्ही एकच असतील तर आकडा हलत नाही. वेगळे असतील तर दोघं एकमेकांसाठी भेसळ ठरतात, आकडा खाली येतो आणि रेंज पसरते. लॅबमध्ये तीन कॅपिलरी शेजारी शेजारी लावतात: आपला नमुना, खात्रीचा पदार्थ आणि दोघांचं मिश्रण. तुमच्या अकाउंटला पासवर्डनंतर ओटीपी लागतो ना, तसंच हे दुसरं व्हेरिफिकेशन.

थर्मामीटरचीही परीक्षा घ्यावी लागते. युरिया जवळपास १३३ अंशांना वितळतो. शुद्ध, कोरडा युरिया तुमच्या थर्मामीटरवर १३१ ला वितळताना दिसला, तर त्या भागात थर्मामीटर दोन अंश कमी दाखवतोय हे कळतं. सुदान-१ चा आकडा जवळच असल्याने ही दुरुस्ती तिथे कामाला येते.

सगळेच रंग वितळतात का?

नाही, आणि मला या विषयातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. काही आकडे बघा:

- सुदान-१: १३१ ते १३३ अंश
- मिथाइल रेड: सुमारे १८० अंश
- अलिझरीन: सुमारे २८९ अंश
- मिथाइल ऑरेंज: ३०० च्या वर, विघटन होतं
- इंडिगो, म्हणजे नीळ: सुमारे ३९० अंश, विघटन होतं

सुदान-१ चा रेणुभार २४८ आणि तुमच्या जीन्सला निळा करणाऱ्या इंडिगोचा २६२. वजन जवळजवळ सारखं, पण द्रवणांकात अडीचशेहून जास्त अंशांचा फरक! कारण इंडिगोचे रेणू शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात. ती साखळी सोडवायला खूप उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत रेणू स्वतःच मोडायला लागतो. सुदान-१ मध्येही हायड्रोजन बंध आहे, पण तो रेणूच्या आतल्या आत. स्वतःचाच हात स्वतः धरून बसल्यासारखा. शेजाऱ्यांशी पकड ढिली, म्हणून वितळणं सोपं.

मिथाइल ऑरेंज हे सोडियमचं सॉल्ट आहे. धन आणि ऋण आयनांची पकड घट्ट असते, म्हणून तेही वितळायच्या आधी मोडतं. अशा रंगांच्या बाबतीत मेल्टिंग पॉइंट शुद्धतेची खात्री देऊ शकत नाही. तिथे क्रोमॅटोग्राफी किंवा स्पेक्ट्रोस्कोपी वापरतात.

आणि काही रंग वितळायच्या आधीच वाफ होतात. याला सब्लिमेशन किंवा संप्लवन म्हणतात. कापूर जसा ठेवल्या ठेवल्या उडतो तसं. मोबाईल कव्हर आणि मगवर छापायला याच गुणाचे डिस्पर्स डाय वापरतात. ही वाफ पॉलिएस्टरमध्ये शिरते पण सुती धाग्याला धरत नाही, म्हणूनच सुती टी-शर्टवर सब्लिमेशन प्रिंट टिकत नाही.

आजच्या लॅबमध्ये काय वापरतात?

डिजिटल मेल्टिंग पॉइंट मशीनमध्ये तेलाऐवजी धातूचा ठोकळा तापतो. त्यात एकाच वेळी अनेक कॅपिलरी बसतात, तापवण्याचा वेग सेट करता येतो आणि कॅमेरा व्हिडिओ घेतो. काही मशीन नमुन्यातून आरपार जाणारा प्रकाश मोजून वितळणं ओळखतात. गडद रंग वितळल्यावरही प्रकाश शोषतो, त्यामुळे अशा वेळी व्हिडिओ स्वतः बघून खात्री करणं चांगलं.

याहून पुढची पद्धत म्हणजे डीएससी, म्हणजे डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री. ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत काही मिलिग्रॅम नमुना ठेवतात आणि तापवताना तो किती उष्णता घेतो हे मोजतात. वितळताना आलेखात शिखर दिसतं. डोळ्यांनी बघायची गरजच नाही, म्हणून रंगांसाठी ही पद्धत सोयीची.

यात मोबाईलचा काय उपयोग?

तुमच्या लॅबमध्ये परवानगी असेल तर फोन स्टँडवर लावा, बर्नरपासून लांब ठेवून झूम करा आणि थर्मामीटर व कॅपिलरी एकाच फ्रेममध्ये घ्या. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर ज्योत हलली की कॅमेरा उजेड बदलत राहतो. कॅमेरा पाऱ्याच्या बरोबर समोर हवा, तिरका धरला तर आकडा चुकतो. नंतर व्हिडिओ मागे-पुढे करून पहिला थेंब कधी आला हे शांतपणे बघता येतं. जवळ ज्वलनशील सॉल्व्हंट उघडं असेल तर मात्र बर्नरही नको आणि फोनही नको.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लाल तिखटातली सुदानची भेसळ या पद्धतीने कळते का?
नाही. २००३ मध्ये फ्रान्सने भारतातून आलेल्या मिरचीच्या पदार्थांत सुदान-१ सापडल्याचं कळवलं आणि युरोपीय संघाने तपासणी सक्तीची केली. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमधल्या तिखटामुळे शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. तिखटात हा रंग अगदी थोडा असतो, त्यामुळे तो क्रोमॅटोग्राफीने शोधतात. भारतात खाद्यपदार्थांसाठी मान्य असलेल्या कृत्रिम रंगांच्या यादीत सुदान-१ नाही. पण त्या यंत्रात तुलनेसाठी जो शुद्ध सुदान-१ लागतो, तो खरंच शुद्ध आहे का हे आधी तपासावंच लागतं.

एकदा वितळलेली कॅपिलरी परत वापरता येते का?
नको. वितळताना थोडं विघटन झालेलं असू शकतं. दर वेळी नवीन कॅपिलरी भरा.

रेंज छोटी आली म्हणजे शंभर टक्के शुद्ध?
बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. दोन पदार्थांचं एका ठरावीक प्रमाणातलं मिश्रणही एकाच तापमानाला झटकन वितळतं. त्याला युटेक्टिक म्हणतात. म्हणूनच पुस्तकातल्या आकड्याशी तुलना आणि मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट, दोन्ही करायचं.

प्रॅक्टिकलला रेंज मोठी आली तर मार्क जातात का?
थोडे जातील कदाचित. पण जी आली ती लिहा आणि शेजारी कारण लिहा: नमुना ओला होता, आच मोठी होती. व्हायवाला त्याच ओळीवर प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर तुम्हाला येत असतं, कारण ते तुम्ही स्वतः बघितलेलं असतं.

तर मित्रांनो, एक काचेची नळी, थोडं तेल आणि एक थर्मामीटर, एवढ्या सामानावर रंग शुद्ध आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो. तुमच्या प्रॅक्टिकलला कोणता पदार्थ आहे आणि रेंज किती आली, ते नक्की कळवा. चुकलेली रेंज असली तरी चालेल, माझीही चुकली होती!